फिर्यादीलाच अटक

वाटेत बंद पडणारी आणि गॅरेजच्या दारात पोचताच पहिल्या सेल्फला सुरू होणारी गाडी मालकाला चारचौघांत खोटं पाडते. कोल्हापुरातल्या एका निवृत्त मास्तरांच्या वाट्याला नेमकी अशीच पेट्रोल गाडी आली होती. सकाळी गार असताना तिची काही तक्रार नसे. तापल्यावर चहाला थांबावं आणि परत निघावं, तर सेल्फ नुसता फिरत राही, इंजिन दाद देत नसे. बोनेट उघडून थोडा वेळ रस्त्याकडेला उभं राहिलं, की बाईसाहेब पुन्हा चालू.

मेहुण्यांचं निदान पेट्रोलातली भेसळ, शेजाऱ्यांचं बॅटरी. मास्तरीणबाईंचं निदान असं, की गाडी हल्ली मास्तरांसारखीच वागते.

शेवटी भाच्याने ब्लूटूथचा स्कॅनर आणला. बीएस-४ या प्रदूषण-मानकाच्या गाड्यांना २०१३च्या एप्रिलपासून आपल्याकडे ओबीडी-२ ही बिघाड नोंदवणारी यंत्रणा सक्तीची झाली, त्यामुळे स्टिअरिंगखाली सोळा पिनांचं सॉकेट असतंच. तिथे डबी खोचताच मोबाइलवर उमटलं : पी०३४०. कॅमशाफ्ट पोझिशन सेन्सरच्या सर्किटमध्ये बिघाड. आता सर्किटात सेन्सर येतो, त्याच्या तारा येतात, कपलर येतो आणि पलीकडचा कॉम्प्युटरही येतो. पण घरात जाहीर झालं ते एवढंच, की ‘सेन्सर गेला’.

या सेन्सरचं काम मोठं मजेशीर आहे. पिस्टन वर येतो तो दोनदा : एकदा पेट्रोल-हवेचं मिश्रण दाबायला, एकदा जळका धूर बाहेर ढकलायला. क्रँकजवळचा सेन्सर ‘पिस्टन वर आला’ एवढंच सांगतो. कशासाठी आला, हे त्याला कळत नाही. क्रँकचे दोन फेरे होतात तेव्हा कॅमशाफ्टचा एक होतो, म्हणून हा खुलासा कॅमकडूनच मिळतो. तो मिळाला नाही तर काही गाड्यांचा कॉम्प्युटर अंदाजपंचे ठिणगी टाकून बघतो आणि जरा उशिराने का होईना, इंजिन धरतं. काहींचा सरळ नकार देतो. मास्तरांची गाडी दुसऱ्या जातीची होती.

पद्मिनी गाडीच्या काळी हा हिशेब डिस्ट्रिब्युटरकडे असे, कारण तोही क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरे. मिस्त्री बोल्ट ढिला करून तो हाताने किंचित पिळायचा आणि कानाने टायमिंग लावायचा. आता त्या जागी अंगठ्याएवढं काळं प्लॅस्टिक आलंय. त्याच्या पोटातलं तत्त्व एडविन हॉल नावाच्या विद्यार्थ्याने १८७९ साली अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात शोधलं : सोन्याच्या वर्खातून वीज सोडून त्यावर चुंबक रोखला, तर वर्खाच्या दोन कडांमध्ये बारीकसा व्होल्टेज उभा राहतो. हॉलला त्यावर पुढच्या वर्षी डॉक्टरेट मिळाली. मास्तरांना बिल मिळालं.

कारण पहिल्या गॅरेजने दहाचा पाना लावून एक बोल्ट सोडला, नवा सेन्सर बसवला आणि स्कॅनरवरून कोड पुसला. डॅशबोर्डवरचा लाइट गेला, मास्तरांनी गॅरेजभर चहा सांगितला. ज्योतिबाच्या चढाला लाइट परत आला. मग ‘हा डुप्लिकेट निघाला, ओरिजिनल टाकूया’ असं ठरलं. ओरिजिनलनेही तोच चढ निवडला.

तेव्हा गाडी शिवाजी उद्यमनगरातल्या एका उस्तादांकडे गेली. त्यांनी स्कॅनरकडे बघितलंही नाही. “मास्तर, कोड म्हंजे फिर्याद. तुमी फिर्यादीलाच दोनदा आत टाकलाय,” असं म्हणत त्यांनी मल्टीमीटर काढला. “आदी त्येला खायला मिळतंय का बघूया.”

कपलर काढून चावी फिरवली. एका पिनेवर पाच व्होल्ट. काही गाड्यांत बारा असतात. दुसरी पीन अर्थ, तीही ठीक. मग कपलर परत बसवून सिग्नलच्या तारेला मागून बारीक सुई लावली आणि क्रँक पुलीचा बोल्ट पान्याने हळूहळू फिरवला. मीटरवर पाच, मग जवळपास शून्य, पुन्हा पाच. म्हणजे सेन्सर कॅमवरच्या चकतीचे दात इमानेइतबारे मोजत होता. गाडी पुन्हा एकदा धडधाकट निघाली आणि मास्तरांचा चेहरा पडला.

उस्तादांनी मात्र इंजिन सुरू करून चांगलं तापू दिलं आणि वायरिंगचा जुडगा वीत-वीत चाचपत, हलवत गेले. हेडच्या मागे, एका पत्र्याच्या ब्रॅकेटपाशी जुडगा हलला आणि इंजिन खाडकन बंद. टेप सोलली. धक्क्यांनी घासून घासून एका तारेचं प्लॅस्टिक निघालं होतं आणि आतल्या तांब्याच्या केसांपैकी एखादाच काय तो टिकून होता. गार असताना तो टेकायचा, तापल्यावर सांधा सोडायचा.

“आणि कोड पी०००१६ असता तर—” भाच्याने मोबाइल बघत सुरुवात केली.

“एक शून्य जास्ती झालं,” उस्ताद म्हणाले. “पी००१६ असता तर टायमिंग चेन ढिली झाली का, ते बघितलं असतं मी. क्रँक आणि कॅमचं जमत न्हाई, असं सांगतो तो. तितं बी लोक सेन्सरच बदलत बसत्यात.”

तार जोडून, झाळून, वर स्लीव्ह चढवून काम आटोपत होतं, तेवढ्यात एक तरुण हातात सेन्सरचं नवंकोरं खोकं घेऊन आला : “लाइट लागलाय, एवढा बसवून द्या.” मास्तर खुर्चीवरून उठले. त्यांनी त्याला सोन्याच्या वर्खापासून पत्र्याच्या ब्रॅकेटपर्यंत सगळं समजावलं, सेन्सर कधीही आधी बदलू नये हे बजावलं आणि मग डिकी उघडून, बदलूनच घ्यायचा असेल तर आपल्याकडचा जुना सेन्सर निम्म्या किमतीत देऊ केला. तरुणाची गाडी वेगळ्या कंपनीची होती.