चंद्राची हरकत

तारीखबुवा प्रत्येक गटात एक असतोच. भजनी मंडळात असतो, गड चढणाऱ्यांत असतो. शाळेच्या माजी विद्यार्थ्यांत दोन असतात, म्हणून त्यांचं स्नेहसंमेलन होत नाही. आमच्या वाट्याला आलेले बुवा आकाशदर्शनवाले. दिवाळीचा फराळ संपायच्या आत त्यांचा फोन येतो, "मार्चचं काय करायचं?"

मार्चचं म्हणजे मेसिए मॅरेथॉनचं. शार्ल मेसिए हा अठराव्या शतकातला फ्रेंच माणूस धूमकेतू शोधायचा. दुर्बिणीत धूसर काही दिसलं की हरखायचा, आणि तो धूमकेतू नाहीच असं कळलं की वैतागायचा. शेवटी त्याने अशा फसव्या ठिपक्यांची यादीच केली. आज त्या यादीत ११० तेजोमेघ, तारकागुच्छ आणि दीर्घिका आहेत. ते सगळे एका रात्रीत बघायचे, ही आमची मॅरेथॉन. मार्चअखेरीस सूर्य आकाशात अशा जागी असतो की यादीतलं जवळजवळ काहीच त्याच्या उजेडात बुडत नाही. त्या सुमाराची अमावास्या गाठायची, जवळचा शनिवार धरायचा, झालं! एवढं सोपं काम बुवा पाच महिने पुरवतात.

बैठक कर्जत स्टेशनबाहेर, वडे खात. बुवा पिशवीतून 'कालनिर्णय'ची सुटी पानं काढतात. दुधाच्या हिशेबाच्या फटीतून प्रत्येक चौकोनात कोणाची तरी हरकत बारीक अक्षरात टिपलेली असते. अमक्याच्या मुलाचा दहावीचा पेपर, तमक्याच्या मेहुणीचा साखरपुडा, रविवारी मेगाब्लॉक. मेसिएने धूमकेतू नसलेल्यांची यादी केली, बुवा तारखा नसलेल्यांची करतात. सगळ्यांचं ऐकून झालं की चष्मा कपाळावर सरकवून ते गंभीरपणे विचारतात, "आणि चंद्राची हरकत नाही ना?" चंद्राची वर्गणी थकलीय आणि तरीही त्याला मत द्यायचं आहे, असा एकूण आविर्भाव.

चंद्राची हरकत नसते तेव्हा घरची असते. फाल्गुनी अमावास्येच्या दुसऱ्या दिवशी गुढीपाडवा. "अवसेच्या रात्री रानात बसणार, आणि सकाळी गुढी कोण उभारणार?" हा प्रश्न निम्म्या घरांत दरवर्षी विचारला जातो. २०२४ ला चंद्राने दोन अमावास्या देऊ केल्या, १० मार्च आणि ८ एप्रिल. बुवांनी दोन्ही परत केल्या. पहिलीला मकरेतला मेसिएचा एम-३० पहाटेच्या उजेडात सापडणं कठीण, दुसरीला मीनेतला एम-७४ सूर्याच्या पाठोपाठ मावळणार. शिवाय पहिलीच्या आदल्या शुक्रवारी महाशिवरात्र, लागोपाठ दोन जागरणं कोण करणार? आणि ८ एप्रिलला सोमवार. "चंद्राची हरकत नाहीये हो," आमच्यातलं एक पोरगं कळवळून म्हणालं. "त्याला काय होतंय? तो रिकामा आहे," बुवा म्हणाले.

तारखेनंतर जागा. मॅरेथॉनची सुरुवात पश्चिमेला अगदी खाली आणि शेवट पूर्वेला अगदी खाली, त्यामुळे दोन्हीकडचं क्षितिज मोकळं हवं. कर्जतला पश्चिमेला माथेरान, पूर्वेला भीमाशंकरची भिंत. खालापुरात जावं तर एका बाजूला प्रबळगड-इर्शाळ, दुसऱ्या बाजूला खंडाळ्याचा घाट. बुवांनी पानावर लिहिलं, "चंद्र : हरकत नाही. माथेरान : हरकत आहे." मार्चात डोंगरांवर वणवे लागतात, त्यांच्या धुराची हरकत वेगळी.

आणि मग २०२५ उजाडलं. २९ मार्च, अमावास्या, वार शनिवार! बुवा चक्क हिरमुसले. चार दिवस त्यांचा फोन नाही. पाचव्या दिवशी आवाजात जीव आला होता : "रविवारी पाडवा, सोमवारी आर्थिक वर्ष संपतंय, बँकवाले येणार नाहीत. आणि ३० च्या संध्याकाळी कोर दिसेल, म्हणजे सोमवारीच ईद. आपला शेख शिरखुर्म्याच्या दुधामागे असणार." ईद सोमवारीच झाली. चंद्राच्या बाबतीत हा माणूस चुकत नाही, एवढं मान्य करायला हवं.

आणखीही एक मान्य करायला हवं. बुवांचे ते शंभर फोन तारखेसाठी असतात, असं आम्ही इतकी वर्षं धरून चाललो होतो. पण आईच्या गुडघ्याचं काय झालं, पोरीला प्रवेश मिळाला का, बदली रद्द झाली का, हे सगळं विचारून होईपर्यंत तारीख विचारायची राहून जाते. म्हणून पुन्हा फोन. जे गट सोडून पुण्याला, दुबईला गेले, त्यांच्याही हरकती त्या पानांवर असतात. येणार नाही हे ठाऊक असलेल्या माणसाला कोणता शनिवार सोयीचा, हे विचारणारा दुसरा कोणी मला तरी माहीत नाही.

सगळ्या हरकती बाजूला ठेवून २९ मार्चच्या त्या शनिवारी आम्ही गेलोच. कृत्तिका झाल्या, देवयानीची दीर्घिका झाली, कन्या राशीतल्या दीर्घिकांच्या गर्दीत शिरणार तोच शेजारच्या फार्महाऊसवर डीजे आणि निळे-हिरवे झोत सुरू झाले. बुवा कालनिर्णयची पानं घेऊनच फाटकाशी गेले. राखणदाराला त्यांनी काय दाखवलं कोण जाणे, परत आले ते म्हणत, "पाहुणे आहेत, म्हणतो. पुढच्या अमावास्येला विचारलं, तर म्हणे तेव्हाही बुकिंग आहे." मग जरा वेळाने : "चंद्र निदान महिन्यातून एक रजा घेतो रे."

दर १९ वर्षांनी तिथी त्याच तारखेच्या आसपास येते. बुवांनी हिशेब करून ठेवलाय : पुन्हा २९ मार्चला अमावास्या, २०४४ साली. बुवा आज सत्तरीपार आहेत. मी म्हटलं, "बुवा, तोवर या भागात काळोख तरी उरेल का?"

"ते नंतर बघू," ते पान चाळत म्हणाले. "आधी वार बघ. मंगळवार आहे. मंगळवारी कोण येणार?"