इंजन ऐकणारे मामा

धर्माबादेत जुना ट्रक घ्यायचा ठरला की पैशांच्या आधी मामांची तजवीज होते. हे मामा नेमके कुणाच्या आईचे भाऊ, हे विचारायचं नसतं. ज्या घरात ट्रक यायचा त्या घराचे ते त्या आठवड्यापुरते मामा. मोंढ्यात एक असतात, स्टेशनच्या बाजूला एक, कुंडलवाडीला एक, आणि राज्याची हद्द ओलांडून बासरला गेलं तर तिथेही तेलुगूतून मान हलवणारे एक मामा असतातच. स्वतःचा ट्रक यांच्यापैकी कुणाकडेच नसतो. पूर्वी होता म्हणतात. त्याचं पुढे काय झालं, ते मात्र सांगत नाहीत.

माळेगावच्या खंडोबाच्या जत्रेत लाल कंधारी गोऱ्ह्याचं तोंड उघडून दात मोजणारा जाणता माणूस असतो ना, हे त्याचेच वारसदार. फरक एवढाच की बैल निदान स्वतःहून उभा राहतो. मामा बघायला जातात त्यातले काही ट्रक उभे राहायलाही धक्का मागतात.

गिऱ्हाईक बहुतेक वेळा शेतकऱ्याचा पोरगा. मिरचीच्या भावाने पोळलेला, उसाच्या बिलाची वाट बघून दमलेला. त्याला कुणीतरी सांगितलेलं असतं की ट्रेलर घे, जालन्याची सळई हैदराबादला टाक, येताना मिळेल तो माल भर, हप्ता आपोआप सुटतो. ‘आपोआप’ म्हणणाऱ्याकडे ट्रेलर नसतो, हे वेगळं सांगायला नको. नवा हॉर्स, म्हणजे ट्रेलर ओढणारी पुढची गाडी, परवडत नाही म्हणून जुना, आणि जुना म्हणून मामा.

गाड्यांच्या अड्ड्यावर पोचल्यावर मामा नमस्काराच्या आधी इंजिनाला हात लावतात. शेठ ‘या, बसा’ म्हणत असतात, मामांचा तळहात ब्लॉकवर.

“शेठ, इंजन कामून गरम हाय?”

“आत्ताच जागेवरून हलवली, मामा.”

“कुठून? निजामाबादहून?”

गरम इंजिन कसंही सुरू होतं. त्याचं खरं दुखणं रात्रभर उभं राहून गार झाल्यावर बाहेर येतं. हे शेठला माहीत असतं, म्हणूनच पहाटेपासून गाडी चालू ठेवलेली असते. शेठला माहीत आहे हे मामांनाही माहीत असतं. म्हणून मामा लिंबाखाली बैठक मारतात आणि जाहीर करतात, “गार होऊ द्या. आम्हाला घाई नाही.” घाई पोराला असते, त्याने इसाराचे पैसे खिशात घातलेले असतात आणि दर थोड्या वेळाने तो खिसा चाचपत असतो.

माझं मत विचाराल तर मामांची खरी तपासणी त्या लिंबाखालीच होते. ते शेठशी बोलत नाहीत, अड्ड्यावरच्या किन्नरशी, म्हणजे क्लीनरशी, बोलतात. चहा पाजून, तंबाखू मळून. गाडी आधी कुणाकडे होती? रेतीवर होती की पार्सलवर? गोदावरीच्या पात्रातून क्षमतेच्या वर रेती ओढलेल्या गाडीच्या इंजिनाला, क्लचला आणि चेसिसला जे भोगावं लागतं ते पेंट मारून जात नाही. पार्सलची गाडी किलोमीटर जास्त पळते, पण एका चालीने पळते, ऑइल वेळेवर बदललं जातं, म्हणून दुप्पट पळूनही बरी निघते. मीटरवर मामांचा विश्वास नाही. मीटर शेठच्या बाजूचा साक्षीदार, असं ते म्हणतात. ते क्लच पेडलचं रबर बघतात, स्टिअरिंग कुठे गुळगुळीत झालंय ते बघतात आणि मनातल्या मनात मीटरमध्ये दोन-तीन लाख मिळवतात.

इंजिन गार झालं की दर्शन सुरू होतं. आधी ऑइलची पट्टी. ऑइल काळं असलं तर हरकत नाही, डिझेल इंजिनाचं ऑइल काळंच व्हायचं. पण त्यावर दुधाळ साय दिसली तर हेडमधून पाणी उतरतंय. फारच घट्ट लागलं तर मामा बोटं एकमेकांवर घासत शेठकडे बघतात, कारण खडखडाट दाबायला जाड ऑइल ओतणं ही जुनी युक्ती. मग रेडिएटरचं झाकण काढून सेल्फ मारायला सांगतात आणि पाण्यात बुडबुडे येतात का ते बघतात. मग धूर. धर्माबादची मिरची हंगामात मोंढ्यात उतरली की परगावचा माणूस रेल्वेतून पाय खाली टाकताच शिंकतो. अशा गावात नाकाच्या भरवशावर धंदा करणं सोपं नाही. पण मामा सायलेन्सरमागे उभे राहतात, डोळे मिटतात आणि निकाल देतात. काळा धूर म्हणजे नोझल, पंप नाहीतर टर्बो. निळा म्हणजे ऑइल जळतंय, लायनर-पिस्टनचा खर्च काढा. पांढरा गरम झाल्यावरही थांबला नाही तर चपला घाला, घरी चला.

शेवटी टोपणाचा नाच. चालू इंजिनावर ऑइल टाकायचं झाकण उघडून तोंडावर नुसतं उलटं ठेवायचं. झाकण शांत बसलं तर रिंगा ठीक. थरथरलं, उडालं, तर सिलिंडरमधली हवा खाली क्रँककेसमध्ये येतेय, म्हणजे बॅक कॉम्प्रेशन. या वेळी गिऱ्हाईक, त्याचा बाप, किन्नर, शेजारच्या अड्ड्यावरचे दोघे असे सगळे हात जोडल्यासारखे त्या झाकणाकडे बघत उभे असतात.

“हेड अजून खोललं नाही मामा, कंपनीचंच हाय,” शेठ म्हणतात. हे वाक्य शेठ लोकांना पाठ असतं. मामा हेडच्या बोल्टवरचे पान्याचे वळ आणि गॅस्केटच्या कडेने डोकावणारी लाल पेस्ट यांच्याकडे नुसतं बोट दाखवतात. “मग कंपनीचा मिस्त्री इथं आलता का?”

खरी परीक्षा एकच, ती मामाही मान्य करतात: गाडी भरायची आणि निर्मलच्या महबूब घाटात चढवायची. रिकामी गाडी सगळ्यांचीच पळते. पण माल कुणाचा, डिझेल कुणाचं आणि घाटात उभी राहिली तर परत आणायची कुणी, या तीन प्रश्नांवर ही परीक्षा दर वेळी रद्द होते. मग मामा केबिनमध्ये बसून ॲक्सिलरेटर देतात, कान लावून ऐकतात आणि घाट मनातच चढवून घेतात.

कंपनीच्या बाबतीत मामांची मतं सनावळीसकट ठरलेली. टाटांनी 1954 मध्ये डाइमलर-बेंझशी करार करून ट्रक बनवायला घेतले, करार 1969 मध्ये संपला. पण मामांच्या बोलण्यात मर्सिडीज अजून टाटाच्या बॉनेटखालीच असते. कमिन्सबरोबरची भागीदारी 1993 मधली, ती त्यांच्या लेखी ‘परवाची’. गोदावरीच्या अल्याड टाटा, पल्याड लेलँड, असा त्यांचा भूगोल. एवढं सगळं सांगून शेवटी ते जे म्हणतात त्यात मात्र तथ्य आहे: ज्याचा पार्ट नांदेडला त्याच दिवशी मिळतो आणि जे आपला मिस्त्री झाडाखाली खोलू शकतो, ते इंजिन भरवशाचं.

मामांची गॅरंटी कधी खोटी ठरत नाही. ती तशी बांधलेलीच नसते. इंजिन पाच वर्षं चाललं तर “मी बोललो होतो.” पाच महिन्यांत बसलं तर “डायवर कोण ठेवलाव?” आणि डायवर चांगला निघाला तर “डिझेल कुठलं टाकायलाव?” मोबदला म्हणून गिऱ्हाइकाकडून ते रुपयाही घेत नाहीत. शेठकडून घेतात. हे गिऱ्हाइकालाही ठाऊक असतं आणि त्याला त्याचं काही वाटत नाही, कारण मामा दोन्हीकडचे असले तरी भाव पाडतात हे खरंच आहे.

संकट आलं ते 1 एप्रिल 2020 ला, धुराच्या बीएस-6 नियमांच्या रूपाने. आता त्या नियमांच्या गाड्याही जुन्या बाजारात उतरल्या आहेत आणि मामांचा सगळा दवाखानाच बंद पडायची वेळ आली. धूर जवळजवळ नाही, वास नाही, आवाज दबलेला. नोझलवर कॉम्प्युटरचा हुकूम. सायलेन्सरच्या वाटेवर जाळी बसवलेली आणि वर निळ्या झाकणाची वेगळी टाकी. तिच्यातलं पाणी म्हणजे डायवर लोकांचं ‘युरिया’. ते पाणी धूर बाहेर पडण्याआधी त्यातला विषारी वायू मारतं. टाकी रिकामी ठेवली की इंजिन स्वतःच ताकद कमी करतं, म्हणून काही जण मधे एक डबी बसवून कॉम्प्युटरला फसवतात आणि युरियाचे पैसे वाचवतात. गाडी विकेपर्यंत.

परवा असाच एक बीएस-6 हॉर्स बघायला एका पोराने मामांबरोबर आपला नांदेडचा मित्रही आणला. मित्राने स्टिअरिंगखाली तार खोचली, मोबाईलवर बोट फिरवलं आणि म्हणाला, “एकही कोड नाही. गाडी क्लीन आहे.” शेठ खुलले. पोराचा हात खिशाकडे गेला.

मामा म्हणाले, “एकबी दुखणं नाही? एवढी वर्षं पळून? असा मानूस तरी हाय का आपल्या तालुक्यात?”

मित्र म्हणाला, मशीन खोटं बोलत नाही.

“मशीन नाही बोलत. पुसून टाकल्यावर बिचारं काय बोलंल?” एवढं बोलून मामा गाडीला वळसा घालून पलीकडे गेले. ब्लॉकला हात लावला नाही, ऑइलची पट्टी ओढली नाही, झाकण नाचवलं नाही. खाली बसले, निळ्या झाकणावरची धूळ बोटाने पुसली आणि मित्राला हाक मारली. झाकणाच्या खाचेपासून टाकीच्या पट्टीपर्यंत कोळ्याने ऐसपैस जाळं विणलेलं. कितीतरी महिने ते झाकण कुणी फिरवलेलंच नव्हतं.

“पोरा,” मामा म्हणाले, “ह्यो कोळी कंच्या कोडमधी बसतोय, बघ जरा.”