पेटीवाले अण्णा

मलकापुरात पाऊस लागला की माणसं घोंगडी काढतात आणि अण्णा पेटीच्या खोक्यात झिरोचा बल्ब लावतात. आंबा घाटाकडून येणाऱ्या ओलीनं पेटीच्या पट्ट्या फुगतात.

परीक्षांचं नाव काढलं की अण्णाही फुगतात. नातीनं गांधर्वच्या प्रवेशिकेची वही उघडली की पानाला कात फासता फासता सुरू होतात. "कुरुंदवाडच्या पलुसकरबुवांनी १९०१ साली लाहोरात विद्यालय काढलं, ते ठीक. पण कोल्हापुरात अल्लादिया खाँसाहेबांना कुणी सर्टिफिकेट विचारलं? गोविंदराव टेंब्यांना पेटी कुणी शिकवली?"

"अण्णा, टेंबे भास्करबुवा बखल्यांना गुरू मानायचे."

"ते नंतर!"

अण्णांचं शास्त्र एका वाक्याचं : "सूर मोकळा सोडायचा. म्हशीगत आपला आपण घरी येतोय." गुरुवारच्या भजनात ही म्हैस कुठंही चरते. तबलजी बिचारा एसटीची वाट बघावी तसा समेची वाट बघतो. एकदा नात म्हणाली, "भूपात मध्यम नसतो, अण्णा." अण्णा म्हणाले, "दारात आल्यावर च्या विचारायचा नाही व्हय?"

जुलैतल्या एका गुरुवारी तो मध्यम मुक्कामालाच आला. लाईट गेलेली. काळी एकमधला भूपाचा अभंग रंगात आलेला, आणि काळी तीनची पट्टी फुगून खाली अडकली ती वर येईना. भोंगा लागावा तसा मध्यम सुरू! अण्णांनी भाता थांबवला नाही. षड्जच उचलून काळी तीनवर नेऊन ठेवला. तिथला भूप म्हणजे पाचही सूर काळ्या पट्ट्यांवर, अंधारात चाचपून सापडणारे. आगंतुक मध्यम षड्ज होऊन फुकटचा तंबोरा धरून बसला. टाळकऱ्यांचे गळे तेवढे फाटले.

"हे सुचलं कसं?" मी विचारलं.

"मोकळं सोडलं. आलं."

मी थक्क. नात मात्र गालातल्या गालात हसत होती. "पहाटे साडेचारला आमच्याकडं या," ती हळूच म्हणाली. "रोज एक पट्टी. सोमवारी काळी एक, मंगळवारी पांढरी दोन..."

खोटं वाटलं, तर तिनं वही पुढं केली. बाकीची पानं कोरी करकरीत होती. अलंकारांच्या पानांवर मात्र, प्रत्येक ओळीशेजारी, काताचा एकेक ठसा होता.