एका कपाचे बल्लवाचार्य

हे गृहस्थ कोथरूडला राहतात, ठाण्याच्या पाचपाखाडीत राहतात आणि नाशिकच्या गंगापूर रोडवरही राहतात. बँकेतून नाहीतर एलआयसीतून निवृत्त. मुलगी न्यू जर्सीला, आणि तिच्या बाळंतपणासाठी पत्नी सहा महिने तिकडे गेलेली. निघण्यापूर्वी तिने फ्रीजच्या दारावर सूचनांचा कागद लावला: पोळ्यांच्या मावशी साडेदहाला येतात, दूध उतू घालवायचं नाही, गॅसला शक्यतो हात लावायचा नाही, लावलाच तर रात्री खालचा कॉक बंद करायचा. कागदावर मायक्रोवेव्हचं नाव नव्हतं. उभी हयात कर्जाच्या कागदपत्रांतल्या पळवाटा बुजवण्यात गेलेल्या माणसाला ही पळवाट दिसली नसती तरच नवल.

मराठी मध्यमवर्गीय घरात मायक्रोवेव्ह हे मुख्यतः घड्याळ असतं. त्यावर क्रोशाचा रुमाल, रुमालावर खाकऱ्याचा डबा, डब्याखाली विजेची बिलं. आत कधी दूध गरम होतं, कधी पापड भाजला जातो, कधी कालची भाजी. एरवी ते हिरव्या आकड्यांत वेळ दाखवत बसतं. नुसते आकडे दाखवायला अशा यंत्राला दोन-तीन वॉट लागतात, म्हणजे दिवसभरात सुमारे ५० ते ७० वॉट-तास. याउलट, १२०० वॉट वीज खेचत ते दोन मिनिटं चालवलं तर खर्च ४० वॉट-तास. हा हिशेब गृहस्थांनी जुन्या डायरीच्या मागच्या पानावर स्वतः मांडला, आणि तेव्हापासून त्यांचं रोजचं गोड खाणं काटकसरीच्या खात्यात जमा होऊ लागलं.

पदार्थाचं नाव माणूस बघून बदलतं. समोर सून असली तर 'ॲपल क्रम्बल', शेजारी असला तर 'हलवाच म्हणा हवं तर', आणि पोळ्यांच्या मावशी असल्या तर 'काही नाही, असंच'. कृती मात्र एकच. एक सफरचंद सोलून, मधला गाभा काढून सुपारीएवढे तुकडे करायचे. त्यावर चमचाभर साजूक तूप, दोन चमचे किसलेला गूळ, चिमूटभर दालचिनी, दोन चमचे पाणी, मिठाची कणी. कपावर बशी ठेवायची, पण जराशी तिरकी. वाफेला वाट हवी. ८०० वॉटला दोन मिनिटं, आणि मग दार न उघडता आणखी एक मिनिट तसंच ठेवायचं.

हे शेवटचं मिनिट त्यांना जड जातं. बाहेरच्या थरातली उष्णता आत झिरपायला वेळ लागतो हे ते जगाला समजावून सांगतात. दाट झालेला पाक साध्या पाण्यापेक्षा जास्त तापतो, हेही त्यांना ठाऊक आहे. तरी मिनिट पुरं होण्याआधी चमचा कपात असतो आणि जीभ भाजलेली असते.

सुरुवातीचा काळ भांड्यांशी झगडण्यात गेला. मराठी स्वयंपाकघर म्हणजे स्टेनलेस स्टील. वाट्या, पेले, डबे, सगळ्यावर नाव आणि तारीख कोरलेली. कुठली वाटी कुणाच्या मुंजीतली हे घरात कुणीही सांगेल. मायक्रोवेव्हला या वंशावळीचं सोयरसुतक नाही. धातूवरून लहरी परत फिरतात, वाटीतलं नीट शिजत नाही, आणि धातूची कड पातळ किंवा टोकदार असली तर ठिणग्या उडतात. म्हणून त्यांनी शोकेसमधला, लेकीच्या रुखवतातून उरलेला सोनेरी काठाचा कप काढला. काठ सोनेरी दिसतो तो धातूमुळेच, हे त्यांना कपाभोवती दिवाळी सुरू झाल्यावर आठवलं. खऱ्या दिवाळीत याच जातकुळीतल्या दुसऱ्या एका गृहस्थांनी कप आत ठेवण्याआधीच वर चांदीचा वर्ख लावला होता. त्यांच्या घरचं यंत्र सध्या खरोखरच फक्त घड्याळ आहे.

पदार्थ दोन मिनिटांत होतो; त्यामागचं व्याख्यान अर्धा तास चालतं. पाहुण्याच्या हाती कप देऊन ते थेट दुसऱ्या महायुद्धात शिरतात. १९४० साली बर्मिंगहॅम विद्यापीठात रँडल आणि बूट यांनी रडारसाठी मॅग्नेट्रॉनचा नवा नमुना बनवला. पुढे अमेरिकेत रेथिऑन कंपनीत पर्सी स्पेन्सर हा शाळा अर्धवट सुटलेला इंजिनियर चालू मॅग्नेट्रॉनजवळ उभा असताना त्याच्या खिशातली चॉकलेटची वडी वितळली. त्याने मग मक्याचे दाणे समोर धरले, त्यांच्या लाह्या झाल्या. १९४५ साली त्याने पेटंटसाठी अर्ज केला. १९४७ मधली पहिली 'रडारेंज' भट्टी माणसाच्या उंचीची होती आणि वजन सुमारे ३४० किलो. ओट्यावर मावणारं ॲमाना कंपनीचं घरगुती यंत्र १९६७ साली ४९५ डॉलरला बाजारात आलं. 'शाळा अर्धवट सुटलेला' हे शब्द गृहस्थ पाहुण्यांच्या मुलाकडे बघत उच्चारतात आणि मुलाच्या आईचा चेहरा पडला की विषय फळांकडे वळवतात.

फळांबाबत त्यांचं म्हणणं पटण्यासारखं आहे. सफरचंदात सुमारे ८५ टक्के पाणी. मायक्रोवेव्हच्या लहरी सेकंदाला २४५ कोटी वेळा हेलकावतात, पाण्याचे रेणू त्यांच्या तालावर वळायची धडपड करतात आणि त्या धडपडीतून उष्णता निघते. म्हणजे फळ स्वतःच्याच पाण्यात शिजतं. केळं मिनिटभरात मऊ होतं. स्ट्रॉबेरीचं तेवढ्यातच सरबत होतं. नासपती सगळ्यांत गुणी, आकार सोडत नाही. अख्खं सफरचंद मात्र सालीला टोचे न मारता ठेवायचं नाही, आत कोंडलेली वाफ साल फोडून बाहेर येते. हे वाक्य ते छताकडे बघत बोलतात. फ्रीझरमधल्या आंब्याच्या फोडी एका बाजूला उकळतात आणि दुसऱ्या बाजूला तशाच गोठलेल्या राहतात, कारण बर्फातले रेणू जखडलेले असतात, त्यांना पाण्यासारखं वळता येत नाही.

फिरती काच कशासाठी, हे सिद्ध करायला त्यांनी एकदा ती काढून ठेवली आणि आत उडदाचा कच्चा पापड ठेवला. पापड सगळीकडून सारखा भाजला गेला नाही. इथे फुलला, तिथे कच्चा. आत लहरी एकाच जागी ठाण मांडतात, त्यामुळे सुमारे सहा-सहा सेंटीमीटरवर गरम ठिकाणं तयार होतात. त्यांनी पट्टी लावली, अंतर दुप्पट केलं, २४५ कोटींनी गुणलं आणि प्रकाशाचा वेग काढला. तो सेकंदाला दोन लाख चौऱ्याण्णव हजार किलोमीटर निघाला. खरा वेग तीन लाखांच्या जवळपास. उरलेल्या सहा हजारांचा दोष त्यांनी पापड लाटणाऱ्यांवर ढकलला.

या यंत्राची एक उणीव त्यांनी प्रामाणिकपणे मान्य केली आहे: खरपूस काही होत नाही. ओलं अन्न शंभर अंशांच्या आसपासच अडकतं, भोवतालची हवाही तापत नाही, मग 'क्रम्बल' म्हणून वर घातलेल्या बिस्किटाच्या चुऱ्याला रंग कुठून येणार? चुरा वाफेने ओला होतो आणि लहान बाळाला भरवायच्या खिमटीसारखा लागतो. त्यावर त्यांनी जो तोडगा काढला तो मात्र दाद देण्याजोगा. लोणावळ्याची शेंगदाण्याची चिक्की बत्त्याने जाडसर कुटायची आणि कप बाहेर आल्यावर, खायच्या क्षणी, वर टाकायची. साखर आधीच खरपूस, दाणे आधीच भाजलेले. यंत्राला जे जमत नाही ते लोणावळ्याहून करून आणायचं. हा पदार्थ खरोखर चांगला लागतो. एवढं सगळं ऐकून घेतल्यावर तो चांगला लागलाच पाहिजे, हा भाग वेगळा.

तिसऱ्या मजल्यावरच्या आजींना चवीपेक्षा किरणांची काळजी. "ते किरण पोटात जात असतील ना हो?" गृहस्थ त्यांना दारावरची जाळी दाखवतात. लहर बारा सेंटीमीटरची, भोक जेमतेम मिलिमीटरचं. आतल्या दिव्याचा उजेड बाहेर येतो, लहर येत नाही. शिवाय दार उघडलं की लहरी बंद, मागे काही उरत नाही. आजी सगळं ऐकून घेतात, कप रिकामा करतात आणि "तरी आपलं गॅसवरचंच बरं" म्हणून जातात.

डॉक्टरांचा प्रश्न जरा अवघड. साखरेचा रिपोर्ट काठावर आल्यापासून गृहस्थ 'फळातली साखर नैसर्गिक असते' या सिद्धांताचे प्रचारक झाले आहेत. सफरचंदात निदान चोथा तरी असतो. पण त्यावरच्या दोन चमचे गुळात बहुतांश साखरच असते, आणि चिक्कीत काय असतं ते सांगायला डॉक्टर लागत नाही. चिक्की ते हिशेबात धरत नाहीत. ती 'सजावट' आहे.

याच पंथाच्या आणखी शाखा आहेत. हिंजवडीच्या पीजीत राहणारी मुलगी रात्री साडेअकराला केळं, कोको आणि ओट्स एका मगमध्ये कालवते, दीड मिनिटात खाते आणि मग पाणी भरून सिंकमध्ये ठेवते. तो पुढचे दोन दिवस तिथेच असतो. डाएटवाल्या वहिनी बिनसाखरेचं सफरचंद शिजवतात आणि पहिल्या घासानंतर मध शोधतात. पण त्या दोघी खाऊन मोकळ्या होतात, व्याख्यान देत नाहीत.

रात्री नऊला गृहस्थ कप कॅमेऱ्यासमोर धरतात. तिकडे सकाळचे साडेअकरा. पत्नी मांडीवरच्या नातवाला थोपटत बघते आणि म्हणते, "आपल्याकडे सुधारस करतात. साखरेचा पाक, लिंबू, केळ्याच्या चकत्या. शिकरणाला तर चूलसुद्धा लागत नाही." मग शांतपणे विचारते, "भांडी किती पडली?" याचं उत्तर नेटवर्कच्या अडचणीमुळे नेहमीच अर्धवट राहतं. सोलाणं, सुरी, विळी, किसणी, खलबत्ता, दोन बश्या, तीन चमचे, कप, आणि चव बघायला घेतलेला दुसरा कप. भांडीवाल्या मावशींनी महिनाअखेर सरळ सांगितलं, "काका, पैसे एका माणसाच्या भांड्यांचे ठरलेत. सफरचंद नुसतंच खाल्लं असतंत तर एक सुरी घासावी लागली असती." पगार दोनशेने वाढला. हा खर्च डायरीच्या मागच्या पानावर नाही.

सोसायटीच्या गणेशोत्सवातल्या पाककला स्पर्धेत त्यांनी नाव दिलं तेव्हा खरी परीक्षा झाली. परीक्षक आणि समिती धरून बारा जणांना चव द्यायची होती. एक कप दोन मिनिटांत होतो म्हणून बारा कप एकदम ठेवले तरी दोनच मिनिटं, असं यंत्राचं नसतं. शक्ती तेवढीच, वाटेकरी वाढले की वेळ जवळपास त्याच पटीत वाढतो. आत मावतात चार कप. म्हणजे तीन फेऱ्या, प्रत्येक फेरी सात-आठ मिनिटं, वर प्रत्येकी मुरायचं मिनिट. त्यांनी यंत्र पार्किंगमध्ये नेलं आणि एक्स्टेन्शन बोर्डाला जोडलं. त्याच बोर्डावर मोदकांचा इलेक्ट्रिक कुकर, कुणाची तरी कॉफीची किटली आणि मखराची रोषणाई होती. दुसऱ्या फेरीला एमसीबी पडला. बाप्पा अंधारात, आरतीचा माइक मुका, आणि आठ जणांसमोर कच्चं सफरचंद.

व्याख्यानाला मात्र वीज लागत नाही. दिवे येईपर्यंत त्यांनी बर्मिंगहॅम, रेथिऑन आणि पापड असा सगळा पल्ला गाठला, आणि समितीने त्यांना उत्तेजनार्थ बक्षीस जाहीर केलं: स्टेनलेस स्टीलचा डबा, वर सोसायटीचं नाव कोरलेलं.

त्या रात्री तो त्यांनी कॅमेऱ्यासमोर धरला. पत्नीने चष्मा वर करून नीट पाहिलं.

"झाकण घट्ट बसतंय ना? नसेल तर आत्ताच बदलून घ्या."