एरी सरोवरास उघडे पत्र

प्रति,
मा. एरी सरोवर,
बफेलो शहराच्या नैर्ऋत्येस.

विषय : थंडी मुदतीआधी सोडल्याबद्दल तक्रार.

महोदय,

स. न. वि. वि.

ऑक्टोबर निम्मा सरतो न सरतो तोच आपण थंडी सोडलीत, याचा निषेध नोंदवण्यासाठी हे पत्र. सीनिअर मंडळींनी आम्हाला नोव्हेंबरचा वायदा दिला होता. त्या भरवशावर जाड जाकीट थँक्सगिव्हिंगच्या सेलमध्ये घ्यायचं ठरलं होतं. आता हूडीवर आजीने विणलेला स्वेटर आणि त्यावर कानटोपी अशा अवतारात बसथांब्यावर उभी असते. शेजारी इथला एक पोरगा अर्ध्या चड्डीत, बर्फ घातलेली कॉफी पीत उभा असतो. तो आपलाच माणूस असावा.

तक्रारीच्या पुष्ट्यर्थ मी रोज एक थांबा आधी उतरून पाहणी करते. तोंडातून निघालेली वाफ किती लांब जाते, नाक किती वेळात बधिर होतं, चहाचा कप दोन्ही हातांनी धरला की चहा प्यायची घाई का राहत नाही, सगळं तपासते. मेपलची पानं अजून झाडावर लाल असताना परवा भुरभुर बर्फ पडला. पुरावा म्हणून तळहातावर झेलला, पण सादर करण्यापूर्वीच तो पाणी झाला.

मी निफाडची आहे. थंडीच्या बाबतीत आमच्या तालुक्याला नवशिके समजू नये. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात पारा तीन-चार अंशांवर आला की आमची बातमी महाराष्ट्रभर होते. पण त्या रात्री वडील झोपत नाहीत. द्राक्षाचे मणी तडकू नयेत म्हणून पहाटे बागेत शेकोट्या पेटतात, ठिबक चालू होतं, आणि द्राक्षाचा भाव सोडून घरात दुसरा विषय नसतो. अशा घरात ‘काय मस्त गारठा पडलाय’ म्हणायची कोणाची छाती? तुमच्या थंडीत माझा एकही घड अडकलेला नाही. ती अशी बिनधास्त अंगावर घ्यायला मिळते, हीच मुख्य तक्रार समजावी.

आपली कार्यपद्धतीही मी अभ्यासली. उन्हाळाभर तापलेलं पाणी आपण राखून ठेवता. कॅनडाकडून गार वारा आला की तो आपली ऊब आणि बाष्प उचलतो, वर चढतो आणि काठावर येऊन रिकामा होतो. १२ आणि १३ ऑक्टोबर २००६ ला आपण असेच पानांनी भरलेल्या झाडांवर जवळजवळ दोन फूट बर्फ टाकून फांद्या मोडल्यात आणि लाखो लोकांना अंधारात बसवलंत. नोव्हेंबर २०१४ मध्ये दक्षिणेच्या उपनगरांना पाच फुटांहून जास्त, उत्तरेला जेमतेम चार बोटं. हे वाटप कोणत्या निकषावर? आमचं विद्यापीठ उत्तरेला आहे म्हणून विचारते. (२०२२ च्या नाताळातल्या हिमवादळात चाळीसहून अधिक माणसं गेली. त्याची थट्टा करणार नाही.)

घरी हवामान कळवण्याचं काम मी चोख करते. आईला म्हणाले, “अठ्ठावीस आहे.” फॅरनहाइट म्हणायचं तेवढं राहून गेलं. “मग पंखा लावून झोप गं,” म्हणाली.

वडिलांना मात्र असं गुंडाळता येत नाही. आपल्याच दक्षिण काठावर मैलोनमैल काँकॉर्ड द्राक्षांच्या बागा आहेत आणि शरद ऋतूत आपल्याच उबेमुळे त्यांच्यावरचं दहिवर लांबतं, हे त्यांना सांगितल्यापासून ते आपल्या बाजूला गेले आहेत. “म्हणजे रात्री कोणी जागत नाही?” एवढंच दोनदा विचारलं. मग म्हणाले, “आपल्या तालुक्यातल्या नांदूरमधमेश्वर धरणाच्या पाण्याला हे का जमत नाही?” त्यात गाळच फार, आणि हिवाळ्यात उत्तरेची थंडी चुकवायला आलेले पक्षी. (मी उलट्या दिशेने आले, याचं त्या पक्ष्यांना काय वाटत असेल कोण जाणे.) तरी अशी व्यवस्था गोदाकाठी बसवायला काय लागेल, ते आपण परस्पर वडिलांना कळवावं.

कळावे,
आपली,
एक पीडित विद्यार्थिनी

ता. क. : तक्रारीवर कारवाईची घाई नाही. एप्रिलपर्यंत केली तरी चालेल.