‘घाबरू नका’ या निरोपाबद्दल

निशिकासाई, टोकियो

ती. आई-बाबांस,


मंगळवारचा माझा निरोप, ‘घाबरू नका, आम्ही सगळे ठीक आहोत’, वाचून बाबांनी निम्म्या सांगलीला वामकुक्षीतून उठवलं आणि काकू देव पाण्यात घालून बसली, असं दादाकडून कळलं. चूक माझीच. कशाला घाबरू नका, तेच लिहायचं राहिलं.

झालं असं, की संध्याकाळी साडेसहाला घरातले फोन एकदम ओरडायला लागले, ‘जिशिन देस्, जिशिन देस्!’ म्हणजे भूकंप. जमिनीतली पहिली हलकी लाट यंत्रांना कळते आणि मोठा हादरा पोचायच्या काही सेकंद आधी इशारा येतो. ते सेकंद टेबलाखाली शिरायला असतात. मी ते ‘अगं! अगं!’ करण्यात घालवले. ही म्हणाली, ‘काय?’ मी म्हटलं, ‘अगं, ते!’ ती ओरडली, ‘अरे, गॅस!’ मी म्हटलं, ‘हो!’ गॅसचं काय करायचं, ते दोघांपैकी कुणीच बोललं नाही. (मोठा हादरा बसला तर इथला मीटर आपणहून गॅस तोडतो. मीटर आमच्यासारखी माणसं बघूनच केला असावा.) तोवर मी एका पायात चप्पल घालून, आईच्या लोणच्याची बरणी छातीशी धरून दारात पोचलो होतो.

टेबलाखालून चिनूचा आवाज आला, ‘बाबा, खाली ये. डोकं झाक. आई, तू पण.’

दुसरीतलं पोर! पण १९२३ च्या भूकंपाच्या आठवणीत १ सप्टेंबरच्या सुमारास शाळांतून सराव होतात. ‘ओकाशिमो’ पाठ असतं पोरांना: ढकलायचं नाही, पळायचं नाही, बोलायचं नाही, मागे फिरायचं नाही. तिसऱ्या कलमात आपलं अख्खं घराणं नापास.

दिवा झुलला, कपबश्या वाजल्या, संपलं. टीव्हीवर आमच्या भागापुढे ४ आला. बाबा, हा रिश्टरचा आकडा नव्हे. जागेवर किती हललं त्याचं इथलं माप आहे, ० ते ७. कट्ट्यावर नीट सांगा.

पुढचा निरोप चिनू पाठवणार आहे. त्याने फ्रिजवर कागद चिकटवलाय: ‘काय झालं. कुठे आहोत. कुणाला लागलं का.’ खाली लाल पेनने: ‘बाबाने बोलू नये.’

बरणी शाबूत आहे. तेल मात्र नव्या शर्टावर सांडलं. आई, डाग कशाने जाईल ते कळव.

आपला,
बंडू