मुदतबाह्य पाहुणा

महसूल खात्यात सारी हयात घालविलेल्या माणसाला एक विद्या निवृत्तीनंतरही विसरता येत नाही, आणि ती म्हणजे समोर आलेल्या प्रकरणाला हात न लावता, परंतु त्याचा यथोचित मान राखून, ते आपोआप निकालात निघेपर्यंत सांभाळून ठेवण्याची. या विद्येची लोकांनी आजवर यथेच्छ निंदा केली आहे. तथापि वाट चुकलेल्या शर्यतीच्या कबुतराची शुश्रूषा करण्यास हिच्याइतकी उपकारक विद्या दुसरी नाही, हे अनुभवास आल्यापासून मी त्या सर्व निंदकांना मनोमन क्षमा केली आहे.

नागपुरात कबुतरांचे दुर्भिक्ष आहे असे कोणी म्हणणार नाही. आमच्या इमारतीच्या प्रत्येक सज्ज्यावर त्यांची वहिवाट इतकी जुनी आहे, की प्रकरण कोर्टात गेलेच तर बेदखल आम्हालाच व्हावे लागेल. परंतु फाल्गुनातल्या एका रखरखीत दुपारी गच्चीवरच्या टाकीच्या सावलीत जे कबुतर येऊन टेकले, ते या रयतेपैकी नव्हे, हे पाहताक्षणीच ध्यानात आले. छाती भरदार, मान ताठ, चोचीच्या मुळाशी पांढऱ्याशुभ्र मांसल गाठी, आणि पंख थकव्याने किंचित सैल सुटलेले असूनही नजरेत याचनेचा लवलेश नाही. मी जवळ गेलो तेव्हा ते उडाले नाही. साहेबाने कारकुनाला टेबलापाशी उभे राहण्यापुरती जागा करून द्यावी, तसे दोन पावले बाजूला सरकले, एवढेच.

त्याच्या एका पायात ॲल्युमिनियमची, सांधा नसलेली कडी होती आणि तिच्यावर देशाची अक्षरे, जन्माचे वर्ष व अनुक्रमांक कोरलेला होता. पिलू आठवडाभराचे असताना ही कडी पायात सरकवतात. पुढे पाऊल वाढले की ती जन्मभर निघत नाही. ज्या जन्मनोंदीच्या दुरुस्तीसाठी आमच्या कचेरीत ऐन निवृत्तीच्या तोंडावर अर्ज, प्रतिज्ञापत्रे आणि शाळेचे दाखले यांचा वर्षाव होत असे, ती नोंद हा प्राणी फेरफारास तिळमात्र वाव न ठेवता पायातच बाळगून हिंडत होता! दुसऱ्या पायात प्लॅस्टिकची, आत चिप बसविलेली कडी होती. आणि पंख अलगद उलगडून पाहिला, तर खालच्या पिसांवर चक्क रबरी शिक्का, त्यात दूरध्वनीचा क्रमांक! शिक्का पाहिल्यावर माझे उरलेसुरले परकेपण गळून पडले.

त्याच शिक्क्याने शेजारच्या निवृत्त हवालदारांचा मात्र संशय बळावला. "मले त हे साधं दिसून नाही राह्यलं, भाऊ," असे म्हणून त्यांनी पंचनाम्यासाठी कोरा कागद मागितला. त्यांची शंका अगदीच निराधार होती असे म्हणवत नाही, कारण तिला मुंबईचा पायंडा होता. मे २०२३ मध्ये चेंबूरच्या पिरपाऊ जेट्टीवर एक कबुतर सापडले. त्याच्या पायात दोन कड्या आणि पंखांवर चिनी वळणाची अक्षरे होती. त्यावरून हेरगिरीचा संशय घेऊन त्याची रवानगी परळच्या बाई साकरबाई दिनशॉ पेटिट पशुरुग्णालयात झाली. चौकशीअंती ते तैवानातले, समुद्रावरून उडवण्याच्या शर्यतीतले भरकटलेले कबुतर निघाले; पण सुटकेचा हुकूम होऊन त्याला मोकळे आकाश मिळेपर्यंत २०२४ चा जानेवारी संपत आला. सुमारे आठ महिन्यांची ही स्थानबद्धता मी हवालदारांच्या निदर्शनास आणली आणि ते कबुतर निर्दोष होते याची आठवण दिली. "निर्दोष असन," ते शांतपणे म्हणाले, "पण चौकशी त झाली न, भाऊ?"

चौकशीपेक्षाही भयंकर असते ती सहानुभूती. वरच्या मजल्यावरच्या काकू हळद आणि तूप घेऊन आल्या. कोणी त्याला अंघोळ घालण्याचा, तर कोणी हवेत जोराने भिरकावून पंखांची परीक्षा घेण्याचा सल्ला दिला. आणि आमच्या सौभाग्यवतींनी दुधात पोळी कुस्करून आणली. पोळी आणि दूध ही दोन्ही कबुतराच्या पोटाला वर्ज्य. त्याला लागते ते न शिजवलेले धान्य, खोलगट भांड्यात पाणी, हवेला भोके पाडलेला खोका, आणि माणसांची अनुपस्थिती. यांपैकी शेवटची वस्तू आमच्या इमारतीत मिळवणे सर्वांत दुर्घट ठरले.

पाणी पिताना मात्र त्याला पाहावे. कोंबडी एक घोट घेते आणि आकाशाकडे मान करून गिळते. कबुतर चोच मुळापर्यंत बुडवते आणि मान वर न करता एकसारखे ओढत राहते. आमच्या पाहुण्याच्या गळ्याखालची पिसे लयीत हलत होती, भांड्यातल्या पाण्याची कड हळूहळू खाली उतरत होती, आणि त्या अवधीत हवालदारही बोलायचे थांबले होते. मग त्याने ज्वारीला चोच लावली, मक्याचे दाणे निवडून आधी संपवले, आणि खोक्याच्या कोपऱ्यात डोळे मिटले.

शिक्क्यातला शेवटचा आकडा एक की सात, हे पुसट झाल्यामुळे ठरेना. एक धरून लावलेला फोन मद्रासच्या एका मंगल कार्यालयात लागला आणि तेथील व्यवस्थापकांनी मुहूर्ताची तारीख विचारल्याखेरीज मला बोलूच दिले नाही. सात धरल्यावर मालक सापडले. त्यांनी माझे नाव विचारण्यापूर्वी कबुतराच्या डोळ्यांची आणि विष्ठेच्या रंगाची विचारपूस केली. त्यावरून माणूस अस्सल शौकीन असल्याची खात्री पटली. इटारसीहून मद्रास, म्हणजे सुमारे १,१०० किलोमीटरची ही शर्यत. पक्षी टोपल्यांतून रेल्वेने नेतात, सकाळी एकदम सोडतात, आणि त्यांनी आपापल्या खुराड्याची वाट आपणच शोधायची. सूर्याची जागा, पृथ्वीचे चुंबकत्व, वाऱ्यावरचे गंध, इतक्या साधनांची या कामी त्यांना मदत होते. ऑक्सफर्डच्या संशोधकांना तर ओळखीच्या मुलुखात कबुतरे सडकेसडकेने उडताना आणि चौकात वळण घेतानाही आढळली आहेत. एवढी सामग्री असूनही वारा फिरला, शिकरा पाठीस लागला किंवा तहान असह्य झाली, की उत्तमातला उत्तम पक्षी कुणाच्या तरी टाकीखाली येऊन बसतो.

"हवं तर ठेवून घ्या," मालक तुटक हिंदीत म्हणाले. वाटेत थांबलेल्या पक्ष्याविषयी शर्यतवाल्यांना फारसे ममत्व नसते, हे मी ऐकून होतो. परंतु या उद्गाराने घरात जो क्षोभ उसळला, त्याचे वर्णन न करणे बरे. पत्नीने फोन हातात घेऊन त्यांना ज्या मराठीत समज दिली, तिचे अक्षरही त्यांना कळले नसावे, तरी आशय मात्र पोहोचला. मग ते नरमले आणि म्हणाले, "पाणी, दाणा, अंधार. बाकी काही करू नका. अंगात बळ आलं की निरभ्र सकाळ पाहून सोडा." बाकी काही करू नका! असा सुस्पष्ट आदेश मला साऱ्या नोकरीत एकाही वरिष्ठाने लेखी दिला नव्हता. त्याची अंमलबजावणी मी अक्षरशः केली. सल्ला घेऊन येणाऱ्यांना जिन्यावरच "प्रकरण विचाराधीन आहे" असे सांगून परत पाठवीत गेलो.

तिसऱ्या प्रहरीचे डोळे मिटणे कमी होऊन पंखांची फडफड सुरू झाली, तेव्हा एका स्वच्छ सकाळी खोका गच्चीवर उघडला. पाहुणा आधी हवालदारांच्या डिश ॲन्टेनावर जाऊन बसला, त्यामुळे त्यांचा संशय पुन्हा जागा झाला. पण नंतर त्याने इमारतीभोवती दोन-तीन विस्तीर्ण घेरे घेतले आणि वर्धा रस्त्याच्या अंगाने दक्षिण धरली.

ते सुखरूप पोहोचल्याचा निरोप मालकांनी आपण होऊन कळविला, आणि त्यासोबत शर्यतीचा नियमही समजावून सांगितला. अंतराला लागलेल्या वेळाने भागून प्रतिमिनिट किती मीटर, तो पक्ष्याचा वेग. वेळ सुटल्या क्षणापासून धरतात, आणि ठरलेल्या मुदतीनंतर येणाऱ्याची नोंदच होत नाही. सारांश, आमचे प्रकरण मुदतबाह्य ठरले होते. हा शेरा मी स्वतः असंख्य अर्जांवर लिहिलेला असल्यामुळे मला त्यात काही वावगे वाटले नाही. पत्नी मात्र अद्याप तो मान्य करावयास तयार नाही.

"अहो, पण आपल्याकडे जेवायला थांबलं होतं तो वेळ वजा नको का करायला?" असे तिचे म्हणणे असून, त्या आशयाचा रीतसर अर्ज इंग्रजीत तयार करून देण्याचा तगादा तिने माझ्यामागे लावला आहे. तूर्त तो अर्ज विचाराधीन आहे.